आडोशाच्या दारात पन्नास जास्त

[ ५ ] [ ० ]

त्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता सनोबरने आपल्या डोळ्यांदेखत एक आकडा बदलताना पाहिला. तिने तो बदलला नव्हता.

म्हणजे, बोटं तिचीच होती.

जामसंड्याच्या बाजारात स्टॅनली अंकलचं दुकान आहे. होड्यांची जीपीएस मशिनं, वायरलेस, मासे दाखवणारे पडदे, असलं सगळं तिथे दुरुस्त होतं. सनोबर तिथे दोन वर्षं कामाला. दुकानातला लॅपटॉप म्हातारा, त्याचं माऊसचं अंग मेलेलं, आणि अंकलचा जावई मस्कतला जायच्या आधी त्यात एक लिहायचा एडिटर घालून गेलेला. सगळा कारभार कीबोर्डवर. या एडिटरमध्ये अक्षर दाबलं तर अक्षर उमटत नाही. के दाबला की कर्सर वर जातो, जे दाबला की खाली. एक्स दाबला की समोरचं अक्षर गिळलं जातं. डी दोनदा दाबला की अख्खी ओळ गडप. लिहायचंच असेल तर आधी आय दाबून परवानगी घ्यायची आणि लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर यायचं. चुकलात तर तो ओरडत नाही. गुमान सांगितलेलं करतो, आणि आपण काय सांगितलं हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

तिला एका होडीच्या यादीतली पन्नासावी ओळ बघायची होती. तिने पाच दाबला, शून्य दाबला. पुढे मोठा जी दाबायचा असतो, तो राहिला, कारण अंकलनी आतून विचारलं, "बाय, सोल्डरिंगचा तार खंय ठेवलंस?"

"ड्रॉवरात, अंकल."

परत वळली तेव्हा डोक्यात पुढचं काम होतं, सगळी यादी उचलून होडीच्या जीपीएसच्या कार्डावर टाकायचं. तिने सवयीने कंट्रोल धरून ए दाबला. जगातल्या इतर सगळ्या ठिकाणी त्याने सगळं निवडलं जातं.

कर्सर २०४ या आकड्यावर होता.

तो २५४ झाला.


[ यू ]

यू दाबला की झालेलं मागे फिरतं. तिने दाबला. २०४.

पुन्हा पाच, शून्य, कंट्रोल-ए. २५४.

यू. २०४.

या एडिटरमध्ये कंट्रोल-ए म्हणजे 'निवड' नव्हतं. 'वाढव' होतं. आधी आकडा दाबलेला असेल, तर तेवढ्याने वाढव.

"काय गो, खेळतस काय त्येच्याशी?" अंकलनी चष्म्यावरून बघितलं.

तिच्या हाताला आठवत होतं. डोक्याला नव्हतं आठवत, हाताला. काल संध्याकाळी असंच कोणीतरी हाक मारली होती, असेच पाच आणि शून्य आधीच दाबलेले होते, आणि मग कंट्रोल-ए. काहीच निवडलं गेलं नाही म्हणून ती स्वतःशीच 'हट' म्हणाली होती, आणि जतन करून, बंद करून, दुसऱ्या वाटेने यादी कार्डावर चढवली होती.

ते कार्ड अतहरभायच्या होडीचं होतं. तिचा सख्खा भाऊ. पहाटे तो ते घेऊन समुद्रात गेला होता.


[ कंट्रोल ] [ ए ]

यादी म्हणजे काय, ते सांगायला हवं.

प्रत्येक होडीच्या तांडेलाकडे, म्हणजे होडी नेणाऱ्याकडे, जागांची यादी असते. कुठे सुरमई लागते, कुठे जाळं फाटतं, कुठे पाण्याखाली खडक आहे. प्रत्येक जागेपुढे उत्तरेचा आणि पूर्वेचा आकडा. त्यातले शेवटचे तीन अंक महत्त्वाचे, त्यात एकाचा फरक म्हणजे समुद्रावर जेमतेम दोन मीटर.

आणि कुठलीच यादी खरी नसते.

तांडेल प्रत्येक आकड्यात आपला एक गुपित आकडा मिसळून ठेवतो. कार्ड चोरीला गेलं, तर चोराने रिकाम्या पाण्यात जाळं टाकावं. खुद्द तांडेल समुद्रावर आकडा वाचतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि होडी नेतो. बापाचा आकडा मुलाला मिळतो. मुलीला मिळत नाही, कारण मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि त्या घरालाही होड्या असणार. सनोबरचं लग्न जानेवारीत कैफशी ठरलं होतं. कैफच्या घरच्या दोन होड्या होत्या. अब्बांनी, अलीमियाँनी, तिच्यासमोर कधी मोठ्याने बेरीजसुद्धा केली नव्हती.

या धंद्यात तीस वर्षं टिकायचं तर नियम पाळावे लागतात. अंकलचे दोनच होते. एक, कोणाच्याही यादीची लॅपटॉपवरच्या एका प्रतीपलीकडे दुसरी प्रत दुकानात ठेवायची नाही. दुसरा ते कामावर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत: "दुसऱ्याच्या यादीत बोट घालायचा, डोका नाय."

म्हणून जुनी प्रत नव्हती.

तिने अतहरभायची यादी उघडली. एकशे चाळीस ओळी. यू दाबला. पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली, तिचा अर्थ असा: याच्या मागे काही नाही.

काल बंद केल्यावर कालचं सगळं विसरलं गेलं होतं. आता हाच खरा मजकूर होता. एकशे चाळीसपैकी एक ओळ पन्नासने खोटी. म्हणजे नव्वद मीटर. आणि सगळ्याच ओळी मुळात खोट्या, त्यामुळे कुठली जास्त खोटी हे बघून कळणार नव्हतं.

माशाची जागा असेल, तर जाळं रिकामं येईल. अतहरभाय शिव्या देईल.

माशाचीच असू दे.

माशाचीच असू दे.

माशाचीच


[ वायरलेस ]

दुरुस्तीला आलेले सेट तपासायला दुकानाच्या छपरावर उंच अँटेना होती आणि टेबलावर एक वायरलेस दिवसभर बडबडत असायचा. ऑक्टोबर संपत आला होता, बंदरावर सकाळी दहालाच धोक्याचा बावटा चढला होता, आणि आता बाहेरच्या होड्या आत पळत होत्या. सनोबरच्या कानावरून ते आवाज नेहमी वाऱ्यासारखे जात. आता एक शब्द अडकला.

"...रहमत बोलतंय. खाडीच्या तोंडार लाट फुटता हा. आमी घराक येणा नाय. आडोशाक चल्लंव."

अतहरभायचा आवाज होता. त्याच्या होडीचं नाव रहमत.

दुसरा कोणी म्हणाला, "आडोशाक? तुका दार म्हायत आसा काय रे?"

"यादीत आसा. अब्बा दोनदा गेलेले."

"तू?"

"आता जातलंय."

आडोसा म्हणजे दक्षिणेला, मालवणच्या वाटेवर, पाण्याखालच्या खडकांच्या रांगेमागची शांत जागा. आत जायला रांगेत एकच फट. लोक तिला दार म्हणतात. दोन होड्या शेजारी शेजारी कशाबशा जातील एवढी. दाराच्या उत्तरेला खडक पाण्याखाली हातभर आहे. चांगल्या हवेत तिथे पाणी पांढरं दिसतं. आज समुद्र सगळीकडेच पांढरा होता, आणि पावसाने किनारा पुसून टाकला होता.

सनोबरने यादीत दार शोधलं. ओळ बारा. आडोशाचं दार. उत्तर, शेवटचे अंक ६६७.

कर्सर तिथेच उभा होता. एडिटर यादी पुन्हा उघडताना जिथून शेवटी उठलो त्या जागी नेऊन ठेवतो, हे तिला माहीत होतं. पण आत्ता शोधून तीच तिथे आली होती. मग काल कुठे होता? उघडल्या उघडल्या कुठे होता? तिने बघितलंच नव्हतं.

 


[ डोकं ]

"अंकल, सगळ्यांच्या खडकांचो कागद खंय आसा?"

भिंतीवर होता. मासा ज्याचा त्याचा, खडक मात्र सगळ्यांचा. त्यामुळे बंदरातल्या होड्यांनी मिळून अकरा धोक्याच्या जागांचे खरे आकडे एका कागदावर छापून घेतले होते. नव्या होडीवाल्याला अंकल तो फुकट देत.

सनोबरने तो भिंतीवरून ओढून काढला. एक कोपरा भिंतीलाच राहिला. तिने कागद लॅपटॉपशेजारी ठेवला, तेव्हा अंकलना कळलं ती काय करणार ते. ते खुर्चीतून उठले.

"बाय. नाय."

"अंकल..."

"तुझ्या बापाशीन माका विश्वासान दिलेली यादी ती. दोन कागद शेजारी ठेवलंस काय सगळा उघडा पडता. म्हणान मी तीस वर्षां ठेवूक नाय."

"माझ्या हातसून त्येच्यात चूक झाली, अंकल. पन्नासची. खंयच्या ओळीत ता म्हायत नाय. आणि भाय दाराक चल्लो."

अंकल उभेच राहिले. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "कर बेगीन," भिंतीकडे बघत म्हणाले.

तिने पेन घेतलं. यादीतला आकडा, वजा कागदावरचा आकडा.

म्हातारी        ४४१ − ४०४ = ३७
दोन भाऊ       ९०२ − ८६५ = ३७
तवा             १७० − १३३ = ३७

तिने पेन उचललं. तीन ओळी झाल्या होत्या, आणि आजोबांपासून चालत आलेला आकडा तिच्या हस्ताक्षरात टेबलावर पडला होता. इतका साधा. तिला भुताची गोष्ट ऐकून झाल्यावर दिवा लावावा आणि समोर भूत बसलेलं दिसावं तसं झालं.

घोडा            २५८ − २२१ = ३७

पुढचे सहा खडक. सदतीस. सदतीस. सदतीस. सदतीस. सदतीस. सदतीस.

मग अकरावं. ते तिने शेवटी ठेवलं होतं.

आडोशाचं दार  ६६७ − ५८० =

तिने उत्तर लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.


[ एंटर ]

अब्बांना फोन लागला नाही. घर खाडीपलीकडे. वाऱ्यात तिकडचा टॉवर आधी जातो. तिने सहा वेळा लावला. घरी अब्बांकडे वायरलेस होता, पण नुसता ऐकायचा. बोलायचं बटण मोडलेलं, आणि दुरुस्त करायला आणतो आणतो म्हणून दोन वर्षं आणलेला नव्हता.

म्हणजे अब्बा ऐकत असणार. सगळं.

तिने माइक उचलला. दाबायचं बटण कोणतं हे ती विसरली, दोन वर्षं रोज दाबूनसुद्धा. अंकलनी मागे न बघता हात लांब करून तिचा अंगठा बटणावर ठेवला.

"रहमत, रहमत. सनोबर बोलतंय, दुकानातसून. भाय, आयकतस?"

खरखर. मग हसू. "सनो? तू खंय वायरलेसार? बोल."

"भाय, दाराचो आकडो चुकलो. यादीत पन्नास जास्त पडले हत. माझ्याकडसून. उत्तरेचे पन्नास कमी कर."

"काय सांगतस? यादी अब्बाची आसा."

"मी काल बिघडवलंय. चुकान."

मधे तिसराच आवाज घुसला. "अतहर, भयणीक सांग जेवण करूक. दार उत्तरेकच आसा, जा सरळ." दोघं-तिघं हसले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या किनाऱ्यावर वायरलेसवर कोणी खरं बोलत नाही. जाळंभर बांगडा लागलेला माणूस म्हणतो, 'काय नाय रे, पाणीच.' दक्षिणेला असलेला म्हणतो उत्तरेला आहे. लहानपणापासून ऐकून ऐकून तांडेलाचा कान असा तयार होतो, की वायरलेसवर आलेला आकडा तो ऐकतो आणि सोडून देतो. विश्वास फक्त स्वतःच्या यादीवर.

"भाय, सगळ्यांच्या कागदार बगून सांगतंय. खरो आकडो पाचशे ऐंशी."

"त्या कागदात कोणी काय घातलेला आसा ता कोणाक म्हायत? सनो, ठेव. माका दिसत नाय काय एक, दोन्ही हातांनी धरून आसंय. इंजिन गरम झाला. अर्ध्या तासात दारात. मागसून बोलूया."

"भाय!"

"ठेव म्हटलंय."

तिने बटण सोडलं नाही, त्यामुळे पुढे तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. बटण दाबलेलं असताना आपण ऐकत नाही. तेही या यंत्राचं एक आहे. तिचा श्वास मात्र सगळ्या समुद्रावर जात होता, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जेवढे सेट चालू होते तेवढ्यांत.

एकच गोष्ट होती, जी ऐकल्यावर त्याला पटलं असतं की तिने यादी खरंच वाचली आहे. ती गोष्ट तिला माहीत नसायला हवी होती. आणि ती एकदा बोलली की इतरांनाही माहीत होणार. कैफची होडी याच चॅनलवर होती. कैफचा मोठा भाऊ होता. बंदरातले सगळे होते. अब्बा होते.

सांगितलं नाही तर

तिने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. अंकल भिंतीकडेच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"भाय, बाकीच्या धाय खडकांत सदतीसचो फरक आसा. सगळ्यांत सदतीस. दारात सत्त्याऐंशी आसा. आता समाजला? सदतीस, भाय. सदतीस."

तिने बटण सोडलं.


[      ]

काही नाही.

खरखरसुद्धा नाही. सगळ्यांनी एकाच वेळी तोंड मिटल्यावर येते तशी शांतता. वाऱ्याच्या दिवशी वायरलेस असा गप्प राहत नाही.

मग अतहरभायचा आवाज, एकदम लहान, मुलासारखा:

"...तुका कोणी सांगल्यान?"

"वळव आधी!"

"वळवतंय."

आणि पुन्हा काही नाही.

सनोबर घड्याळ बघत राहिली. एक वाजून दहा. एक वाजून बारा. तिला वाटलं आपण पाचशे ऐंशी सांगितलं, पण कागदावर ते खरंच पाचशे ऐंशी आहे का? तिने पुन्हा वाचलं. आहे. पुन्हा वाचलं. आहे. छापणाऱ्याने चूक केली असेल तर? एक वाजून एकोणीस. मग तिने भलतंच काहीतरी मनात आणलं: यादी बरोबर असेल. काल आपण काही केलंच नसेल. हा सत्त्याऐंशी अब्बांनी मुद्दाम ठेवला असेल, दारापुरता वेगळा आकडा, आणि अतहरभायला तो तोंडी सांगितला असेल, आणि आपण आत्ता त्याला बरोबर वाटेवरून काढून खडकावर

एक वाजून सव्वीस.

"अंकल, मी चुकलंय तर?"

अंकलनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

एक वाजून चौतीस मिनिटांनी वायरलेसमधून एक शब्द आला. इंजिनचा आवाज नव्हता त्याच्या मागे, वाराही नव्हता.

"आत."

सनोबर खाली बसली. खुर्ची तिथे नव्हती.

थोड्या वेळाने अतहरभाय परत बोलला, "डाव्या हाताक फुटत होता पाणी. जयसर मी जाणार होतंय, थयसर. बगलंय मी."

मग, कोणी विचारलं नसताना, कैफचा आवाज आला, त्याच्या सफिना होडीवरून. "सफिना बोलतंय. मगाशी आमच्या सेटाक लय खरखर होती. काय आयकाक येवक नाय."

"आमचो पण बंद पडललो," दुसरा म्हणाला.

"आमच्यात पाणी गेला."

एकामागून एक सहा होड्या. सगळ्यांचे सेट नेमके त्याच मिनिटाला बिघडले होते. अंकल पहिल्यांदा हसले आणि लगेच थांबले. वायरलेसवर सगळे खोटंच बोलतात, हे त्यांना सनोबरपेक्षा चांगलं माहीत होतं.


[ एस्केप ]

अब्बा चार वाजता आले. खाडी पार करणारी तरीची होडी बंद होती, म्हणून पुलावरून वळसा घालून, अर्धी वाट चालत. सदरा अंगाला चिकटलेला. त्यांनी टोपी पिळली आणि ते बाकड्यावर बसले.

सनोबर लॅपटॉपला हात लावायला तयार नव्हती. दुपारपासून तिने तो मिटलाही नव्हता, कारण मिटायला कळ दाबावी लागली असती.

"कोणी सांगल्यान तुका?" अब्बांनी विचारलं. तोच प्रश्न.

"कोणी नाय, अब्बा. वजाबाकी केलंय."

"इतक्या वर्षांत कोणी करूक नाय."

"कोण इतक्या भियालाच नाय आसतला."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मायेनेही नाही. खूप वर्षं घरात असलेली वस्तू पहिल्यांदा उचलून बघावी तसं.

"अतहर दारात तोंड घालीत होतो, तेव्हा मी सेटाचा मोडक्या बटण दाबीत होतंय," ते म्हणाले. "बोट बग." अंगठ्याचं नख निघालं होतं.

अंकलनी आतून फडकं आणून दिलं.

"आता त्या सदतीसाचा काय खरा नाय," अब्बा म्हणाले. "सहाजण खोटा बोल्ले, बरे लोक आसत. पण आयकला सगळ्यांनी. नवो आकडो घाल. सगळ्या ओळींत."

"कितको?"

"तू ठरव. अतहराक सांग. माका नको, आता मी खंय जातंय समुद्रात."

"अब्बा, जानेवारीत माझा..."

"म्हायत आसा."

"मगे?"

"मगे काय? आकडो तुझ्याकडे रवतलो. जाशीत थंय घेवन जाशीत. कोणाक सांगशीत काय नाय ता तुझा." ते थांबले. "माका भय वाटता हा, सनो. पण आज जा वाटला त्येच्यापेक्षा कमी."

आकडा घालायचा सोपा मार्ग एडिटरमध्येच होता. सगळ्या ओळी धरायच्या, आकडा दाबायचा, कंट्रोल-ए. एकशे चाळीस ओळी डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलल्या असत्या. सनोबरला ते आता नीट माहीत होतं. म्हणूनच तिने कोरी वही मागितली.

"अंकल, तुमी वाचा. मी लिवतंय. जुनो एका बाजूक, नवो एका बाजूक. झाला काय मगे जाळूया."

अंकलनी अब्बांकडे बघितलं. अब्बांनी मान डोलावली. अंकल खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसले, हात मांडीखाली दाबून, चुकून कुठे लागू नयेत म्हणून, आणि दुसऱ्याची यादी मोठ्याने वाचू लागले.

"म्हातारी. चारशे एक्केचाळीस."

तिने लिहिलं.

"दोन भाऊ. नवशे दोन."

तिने लिहिलं.

"तवो. एकशे सत्तर."

ती थांबली. "परत वाचा, अंकल."

"एकशे सत्तर."

वहीत एकशे सत्तरच होतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बोट न उचलता म्हणाली, "आणखी एकदा."